पोटात म्हातारी येईपर्यंत

कावळ्यांमध्येही पोथ्या पाठ करणारे असायचे, त्या काळची गोष्ट. नदीकाठच्या पिंपळावर काळंभट नावाचा कावळा राहायचा. 'पितर पोटात आल्यावाचून पिंडाला चोच लावू नये,' हे वचन त्याला तोंडपाठ होतं.

एकदा घाटावर एका म्हातारीचं दहावं होतं. तिच्या लेकाने, धोंडूने, पिंड ठेवला आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. पहिला मान पोथीवाल्याचा, म्हणून बाकीचे कावळेही थांबले. काळंभट डोळे मिटून म्हातारीची वाट पाहत बसला. पोटात मधूनच गुरगुरायचं. पण ती म्हातारी की भूक, हे काही ठरेना.

ऊन चढलं. धोंडू रडकुंडीला आला. "आई, तुझी शेळी विकणार नाही. धाकटीशी धरलेला अबोलाही सोडतो. आता तरी शिव गं!"

"अजून आली नाही," काळंभट पुटपुटला.

शेवटी पिसं झडलेली साळूआजी खाली उतरली आणि सरळ भात खाऊ लागली.

"शिवला, कावळा शिवला!" लोक ओरडले.

"आजी, वचन मोडलंत!" काळंभट कडाडला. "म्हातारी आली होती का तुमच्या पोटात?"

"माझ्या पोटात भात गेला, बाबा," आजी पुन्हा वर येऊन फांदीला चोच पुसत म्हणाली. "म्हातारी तिकडे आली, बघ."

खाली धोंडू धाकट्या बहिणीला जवळ घेऊन रडत होता.

काळंभटाने पुष्कळ विचार केला, आणि त्याला ते पटलंही. मग तो खाली उतरला, तेव्हा पत्रावळीवर एक शीतही उरलं नव्हतं.