बाप सांगेल तिथे मत

आमच्या संस्थानच्या घटनेत मत द्यायचं वय पंचवीस होतं. ते अठरावर आणायची दुरुस्ती प्रजासभेपुढे आली, तेव्हा राजेसाहेबांनी कॉलेजातल्या दोघींना बोलायला बोलावलं, मला आणि मथू पोतनीसला. मी आठ दिवस खपून अकरा पानं लिहिली. मथूने फक्त केसांत अबोलीचा गजरा माळला, आणि मेला तोही तिला शोभत होता.

मी बोलायला उभी राहिले. पहिलं वाक्य संपायच्या आतच, चार वेळा निवडून आलेल्या रावसाहेब घारपुऱ्यांनी टेबलावर काठी आपटली. मी अशी दचकले की सगळी पानं जमिनीवर!

"या पोरांना कसली अक्कल? बाप सांगेल तिथे मत टाकतील!"

सभा हसली. राजेसाहेबांनीही मान डोलावली. दुरुस्ती बुडालीच म्हणायची.

मी वाकून पानं गोळा करत होते, तेवढ्यात मथू उठली.

"रावसाहेब, आमचे वडील मत कुणाला देतात हो?"

"मलाच! दुसरं आहे कोण?"

"मग आम्ही त्यांचं ऐकलं, तर तुमची मतं वाढतील. आणि नाही ऐकलं, तर आम्हाला अक्कल आली म्हणायची. यातलं तुम्हाला नको काय आहे?"

राजेसाहेबांना हसता हसता पगडी सावरावी लागली. आता विरोध केला तर आपण घाबरलो असं दिसणार, म्हणून रावसाहेबांनीच पहिला हात वर केला. दुरुस्ती मंजूर झाली.

बाहेर मथूने माझा हात धरला. "अगं, आता तुलाही मत मिळालं!"

मी हसले. मत कुणाला हवं होतं? मला तिचं ते वाक्य हवं होतं.