ओव्हनपुढचं स्टूल

"बाबा, मी कारागीर कधी होणार? खरं सांगा."

त्या आठवड्यात हा प्रश्न पाचव्यांदा. विचारणारा दिगंबर चाळिशीचा. कारखान्यातली नोकरी सोडून वसईच्या इनासबाबांकडे गॅसचे ओव्हन दुरुस्त करायला शिकत होता. आज त्यानं मनाशी ठरवूनच टाकलं होतं. हा ओव्हन सुधारला नाही, तर आपण या कामाचे नव्हेच.

इनासबाबांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली.

ओव्हन होता जोसफिनबाईंचा, दोघं त्यांच्याच स्वयंपाकघरात आलेले. केक फुगायचा आणि मधोमध खाली बसायचा. रविवारी नातवाचा बाप्तिस्मा, आणि तीन केक फुकट गेलेले.

"बर्नरची भोकं पिनेनं साफ केली," दिगंबर म्हणाला. "ज्योत निळी आहे. दाराचं रबर धड आहे. आत थर्मामीटर ठेवून पाहिला, आकडाही बरोबर. सगळं ठीक, तरी सकाळचा केक बसलाच! माझंच डोकं चालत नाही."

"बाई, आणखी एक लावा," बाबा म्हणाले.

बाईंनी केक आत ठेवला. दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्यांचा हात दाराकडे गेला.

"फुगतोय का, एवढंच बघते. जीव राहत नाही हो."

बाबांनी स्टूल ओढलं. दारापुढे मांडलं आणि ओव्हनकडे पाठ करून बसले.

"चहा टाका."

"अहो, पण बाबा..." बाई म्हणाल्या.

"साखर कमी."

चहा झाला. दिगंबर घड्याळाकडे बघत होता, बाई स्टुलाकडे. बाबा मात्र खिडकीतून शेजाऱ्याच्या केळी मोजत होते. माणूस असा बसला की राग येतो, खोटं कशाला बोला!

पाऊण तासानं घरभर वास सुटला. बाबा उठले.

केक टम्म फुगलेला. मधोमधसुद्धा.

"अगं बाई! म्हणजे दर खेपेला मीच मधेच दार उघडून..." जोसफिनबाईंनी कपाळावर हात मारला. हसल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

दिगंबर बघतच राहिला.

"बाबा... म्हणजे माझं काम बरोबर होतं?"

"होतं."

त्याचा चेहरा उजळला. क्षणभरच.

"मग आता तरी झालो ना मी कारागीर? झालो ना?"

बाबांनी पायानं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बस... परत दार उघडतोयस."