बिनपाटीचं ग्रंथालय

कुलपती नलावडे तीस वर्षं खुर्चीला चिकटले आणि दिसेल त्या इमारतीवर त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी ठोकली. तरी पोरं नाव काढायची ते आधीच्या टेंबे सरांचं, ज्यांनी एक ग्रंथालय तेवढं बांधलं होतं. म्हातारा नुसता जळायचा.

शिक्षण सोडलेली शलाका, नलावड्यांनी अडवून ठेवलेला आपला दाखला मागायला त्यांच्याकडे गेली.

"काय गं, सगळे त्या टेंब्याचंच नाव का घेतात? पटेल असं सांग, लगेच सही करतो."

"सर, ग्रंथालयावर पाटीच नाही. येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कुणी बांधलं? तुमच्याबद्दल कोण कशाला विचारेल?"

नलावड्यांनी दाखल्यावर सही केली.

आता कुणी विचारूच नये म्हणून आठवड्याभरात ग्रंथालयावर टेंब्यांच्या नावाची पाटी लागली. खाली दुप्पट मोठ्या अक्षरांत: 'अनावरण: कुलपती नलावडे यांच्या शुभहस्ते.'