शेवटचं पाणी

राजे घोड्यावरून फिरत आणि मीठ होडीतून फिरे, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. लहानांनी मजेखातर ऐकावी, थोरांनी जरा टेकून ऐकावी.

एका खाडीच्या काठी मिठाचं गाव होतं. गावाला ना शेत, ना गुरं. होते ते चिखलाचे बांध घालून आखलेले चौकोनी वाफे. भरतीचं पाणी त्यांत घ्यायचं, उन्हाच्या हवाली करायचं, आणि पाणी उडून गेलं की खाली बसलेलं मीठ फळीनं ओढायचं. वाफे राजाचे. गावाकडे ते एकाच अटीवर होते. पावसाआधी सात होड्या मीठ राजवाड्यावर पोचलं पाहिजे. एक वर्ष जरी चुकलं, तरी वाफे दुसऱ्या गावाला जाणार.

गावाचा म्होरक्या एक म्हातारा होता. पाणी कधी घ्यायचं आणि कधी सोडायचं, ते तो सांगे. चाळीस उन्हाळे खाऱ्या पाण्यात उभं राहून त्याच्या टाचा तडकल्या होत्या. त्याचं त्याला आता काही वाटत नसे. त्याला जीव नकोसा होई तो बोलण्यानं. राजवाड्यावरून दर वर्षी नवा कारभारी येई, आणि म्हाताऱ्याला त्याला पहिल्यापासून शिकवावं लागे. शिकून शहाणा झाला की त्या कारभाऱ्याची बदली होई.

त्या वर्षी आभाळ भरून येई आणि तसंच निघून जाई. ऊन पुरेसं पडलंच नाही. उन्हाळा सरत आला तरी पाचच होड्या भरल्या होत्या.

अशात नवा कारभारी आला. पागोटं कोरं, वहाणा कोऱ्या. तो बांधावर येऊन उभा राहिला आणि पाहतो तो काय, म्हाताऱ्यानं एका वाफ्याचा बांध फोडला होता. तळाशी मीठ बसलं होतं आणि वर उरलेलं बोटभर पाणी खाडीत चाललं होतं.

"अहो, थांबा, थांबा!" कारभारी ओरडला. "हे पाणी खारं आहे की नाही?"

"आहे," म्हातारा म्हणाला.

"मग राजाचं मीठ खाडीत कशाला ओतता? दोन होड्या कमी पडतायत, आणि इथे मीठ वाहून चाललंय! बुजवा तो बांध. सगळं पाणी आटू द्या, अगदी ठणठणीत."

म्हाताऱ्याची सून तिथेच फळी ओढत होती. त्याच्या हाताखाली ती वीस वर्षं राबली होती. तिनं फळी थांबवली. "आबा, सांगा त्यांना."

म्हाताऱ्यानं तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. समुद्राच्या पाण्यात एकटं मीठ नसतं. चुना असतो, मीठ असतं, जुलाब लावणारा कडू क्षार असतो. पाणी आटू लागलं की ते हे सगळं एकदम टाकत नाही, रांगेनं टाकतं. आधी चुना बसतो, मग मीठ. कडू क्षार पाण्याला फार धरून असतो, तो शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणून पाणी हाताला तेलासारखं बुळबुळीत लागलं, की ते सोडून द्यायचं. कडू आपोआप त्याच्याबरोबर जातं.

एवढं सगळं त्याच्या ओठांपर्यंत आलं. मग त्याला गेल्या वर्षीचा कारभारी आठवला. त्याच्या आधीचा आठवला. त्याच्याही आधीचा, जो दोन दिवस ऐकून घेऊन म्हणाला होता, "म्हणजे नक्की काय?"

"तुम्ही म्हणाल तसं, सरकार," म्हातारा म्हणाला आणि त्यानं बांध बुजवला.

"आबा!" सून म्हणाली. "अहो, कडू होईल सगळं."

कारभारी हसला. "मिठाला कडू म्हणणारी पहिलीच बाई पाहिली मी! काय हो बाबा, होईल का कडू?"

म्हातारा टाच खाजवत राहिला.

संध्याकाळी सुनेनं पुन्हा विषय काढला. "एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

"एका शब्दात भागतं का गं?" म्हातारा म्हणाला. "एकाला दहा लागतात, दहाला शंभर. मी थकलो आता. होड्या भरतायत ना? भरू दे."

होड्या भरल्या. सातच्या सात. मीठ दिसायला पांढरंशुभ्र होतं, जरा ओलसर एवढंच. कारभाऱ्यानं ते थाटात राजवाड्यावर नेलं. शेवटच्या दोन होड्यांतलं कोठारात वर राहिलं, आणि वरचंच आधी वापरात आलं.

आठवड्यानं राजाचं सैन्य मोहिमेवरून परतलं. मोठी पंगत बसली. आमटी अळणी लागते म्हणून आचाऱ्यानं त्या ओल्या मिठाच्या आणखी दोन मुठी घातल्या. सैनिकांनी तोंडं वाकडी केली, पण भूक मोठी होती. रात्र पडेपर्यंत राजवाड्यात एक लोटा शिल्लक राहिला नाही. जे सैन्य शत्रूला पाठ दाखवून कधी पळालं नव्हतं, ते त्या दिवशी नदीकडे पळत होतं. सेनापती सर्वांत पुढे.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्याला, म्हाताऱ्याला आणि सुनेला दरबारात उभं केलं.

"मला काय कळतं मिठातलं?" कारभारी काकुळतीनं म्हणाला. "ही बाई कडू होईल म्हणाली, तेव्हा मी यांना विचारलं होतं, महाराज. हे नाही म्हणाले नाहीत."

राजानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

"होतं, महाराज."

"मग बोलला का नाहीस?"

"कंटाळा आला होता, महाराज."

दरबारात कोणी हसलं नाही. राजा म्हणाला, "पाच होड्याच चांगल्या आल्या. अट मोडली. उद्या मी दुसऱ्या गावाला बोलावतो."

सुनेचा चेहरा उतरला. गावात चाळीस चुली होत्या, आणि एकाही घरी मिठावाचून दुसरा धंदा नव्हता. म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि तो पुढे सरला.

"चार दिवस द्या, महाराज. हे मीठ धुऊन देतो."

"मीठ धुणार?" कारभारी न राहवून म्हणाला. "पाण्यात? मग हाती काय राहील?"

या वेळी म्हातारा बोलला. त्यानं तांब्याभर पाणी मागवलं, चांगल्या होडीतलं मीठ मागवलं. एक मूठ टाकली, विरघळली. दुसरी टाकली, तीही विरघळली. पुढची निम्मी विरघळली आणि निम्मी तळाला बसली ती ढवळूनही विरघळेना.

"मिठानं पाण्याचं पोट भरलं, सरकार. आता हे पाणी आणखी मीठ घेणार नाही. पण कडू क्षाराला त्यात अजून जागा आहे. खराब मीठ टोपलीत भरून वरून हे पाणी ओतलं, की ते कडू तेवढं घेऊन जाईल. मीठ जागचं हलणार नाही."

"म्हणजे नक्की काय?" कारभाऱ्यानं विचारलं.

म्हाताऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

चार दिवस राजवाड्याच्या मागच्या अंगणात टोपल्या टांगल्या होत्या. सून वरून पाणी ओती, म्हातारा खालून निथळणारं चाखून पाही आणि थुंकून टाकी. चौथ्या दिवशी मीठ उन्हात कोरडं झालं. आचाऱ्यानं जिभेवर ठेवलं आणि पसंतीनं मान डोलावली. पण मापलं तर दोन होड्यांची दीडच भरली.

"अर्धी कमी आहे," कारभारी म्हणाला.

"जे कमी झालं, ते मीठ नव्हतंच," राजा म्हणाला. "वाफे गावाकडेच राहू देत." मग तो सुनेकडे वळला. "त्या दिवशी बांधावर तू बोलली होतीस?"

"बोलले होते, महाराज. माझं कोण ऐकणार?"

"आता ऐकतील. यापुढे वाफ्यांची म्होरकी तू. बाबा, तुम्ही थकलात. तुम्ही बसा."

राजाचा आवाज मऊ होता. म्हाताऱ्यानं हात जोडले. काही बोलावं असं त्याच्या मनात आलं, पण बोलायची वेळ निघून गेली होती.

पुढच्या उन्हाळ्यापासून तो बांधावर सावलीला बसू लागला. जाणारे-येणारे वाकून नमस्कार करत, तब्येत विचारत, आणि पाणी सोडायचं का हे विचारायला सुनेकडे जात.

तात्पर्य : ठाऊक असून जो कंटाळून गप्प बसतो, त्याच्या पदरी न जाणणाऱ्याची चूकही येते.