पेनड्राइव्हवरून बूट

एका गावात एक भोळा जावई होता. नाव त्याचं म्हाळू. तसा भोळा माणूस प्रत्येक गावात एखादा सापडतोच, आणि तो कोणाचा ना कोणाचा जावईही असतो. पण म्हाळूची तऱ्हा वेगळी होती. त्याला जे सांगाल ते तो करायचा. अगदी जे सांगाल तेच करायचा.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला तो सासुरवाडीला गेला. सासूबाईंनी हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हणाल्या, "तिळगूळ घ्या, गोड बोला."

म्हाळूने तिळगूळ घेतला आणि "गोड" असं बोलला. मग दिवसभर तेच बोलत राहिला.

"प्रवास कसा झाला?"

"गोड."

"कढी जमलीय का?"

"गोड."

संध्याकाळी शेजारचे म्हातारबाबा आले. त्यांची म्हातारी नुकतीच वारली होती. डोळे पुसत म्हणाले, "शेवटी लई हाल झालं वो तिचं."

"गोड," म्हाळू म्हणाला.

झालं! सासरे हिंदुराव ताडकन उठले. "असल्या येड्याच्या घरी मी माझी पोरगी धाडणार न्हाई. एक काम धड करून दाखवा, मगच शेवंताला न्या." म्हाळू एकटाच परत आला.

संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडवा गेला. वैशाख लागला तरी शेवंता माहेरीच. तिलाही तिथे करमत नव्हतं. नवरा भोळा होता, पण ताटात पडेल ते निमूट खायचा आणि कधी आवाज चढवून बोलला नव्हता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं तिचं मत होतं. पण बापापुढे मत मांडायची त्या घरात सोय नव्हती.

शेवटी म्हाळूच्या आईने त्याला नवा सदरा घातला, डोक्याला गुलाबी फेटा बांधला आणि बजावलं, "आज सुनेला घेऊनच यायचं. मोठी माणसं सांगतील ते शब्दाला शब्द करायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"डोकं कसं चालवतात, आई?"

"राहू दे. जा तू."

हिंदुरावांचं मंगल कार्यालय होतं. म्हाळू पोचला त्या दिवशी तिथे दुपारचा मुहूर्त होता. मांडव माणसांनी फुलला होता. स्वयंपाकघरात जिलब्या तळल्या जात होत्या. आणि हिंदुराव मात्र कपाळाला हात लावून ऑफिसात बसले होते. त्यांच्या कार्यालयात मंगलाष्टका टॅबवर लावायची पद्धत होती, आणि नेमका आज टॅब रुसला होता. काळी पाटी होऊन नुसता पडला होता.

हिंदुराव वैतागून म्हणाले, "जावईबापू, ह्यो टॅबलेट चालू हुईना. ह्येवढं काम धड करा. मंगलाष्टका वेळेवर वाजल्या तर शेवंताला आजच घेऊन जा."

म्हाळूचा चेहरा खुलला. टॅबलेटचं त्याला माहीत होतं. आईला गुडघेदुखीची टॅबलेट तोच द्यायचा रोज. तो आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. पहिला थेंब पडणार तोच हिंदुरावांनी त्याचा हात धरला.

"आरं, काय करतोस? टॅबलेटला पाणी लागू द्यायचं नसतं!"

"बरं, मामा. लक्षात ठेवतो."

आणि त्याने लक्षात ठेवलं. तीच तर पंचाईत होती.

ऑफिसाबाहेर अनंतभटजी बसले होते. लग्नसराईने त्यांचा घसा बसला होता. टॅब नाहीच चालला तर मंगलाष्टका आपल्यालाच म्हणाव्या लागणार, म्हणून त्यांनी घशाची एक मोठी गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा पेला उचलला. म्हाळूने पाहिलं. धावत गेला आणि पेला हिसकावून घेतला.

"भटजीकाका, टॅबलेटला पाणी लागू द्यायचं नसतं!"

गोळी घशात अडकली. भटजींचे डोळे पांढरे झाले. कोणीतरी पाठीत गुद्दा घातला तेव्हा गोळी बाहेर आली, पण आवाज आतच राहिला. भटजी तोंड उघडत, नुसती हवा येई. आता टॅबवाचून गत्यंतर उरलं नाही.

हिंदुरावांनी थोरल्या जावयाला फोन लावला. थोरला जावई विश्वंभर पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. शहाणा, पण घाईचा. त्यानेच टॅबसाठी एक पेनड्राइव्ह करून दिला होता. त्यात मंगलाष्टकाही होत्या.

विश्वंभर म्हणाला, "मामा, तुम्ही पाहुण्यांकडे बघा. म्हाळूला द्या फोन. मी सांगतो तसं करेल तो."

हे मात्र खरं होतं.

"म्हाळू, ऐक. टॅब नुसता उठणार नाही. पेनड्राइव्ह आहे ना हाताशी? पेनड्राइव्हवरून बूट कर, म्हणजे होईल चालू."

"बूट?"

"हो, बूट. झाला की सांग."

म्हाळूच्या पायात चपला होत्या. तो दाराशी गेला. तिथे पाहुण्यांचे जोडे पसरले होते, आणि मधोमध पाटावर नवरदेवाचे चकचकीत बूट ठेवले होते. नवरदेव वरच्या खोलीत पाय मोकळे करत होता. म्हाळूने त्यातला एक बूट आणला. पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. त्यावरून बूट ठेवला.

"केलं, दाजी."

"शाब्बास! काय दिसतंय?"

"बूट दिसतोय."

"बूट दिसतोय? अरे वा! आणि पेनड्राइव्ह दिसतोय का?"

"नाही. तो बुटाखाली गेला."

"खाली गेला? चालेल. पण पुढे का सरकत नाहीये?"

"कसा सरकेल, दाजी? आत पाय नाही."

तेवढ्यात हिंदुराव आत आले. टेबलावर नवरदेवाचा बूट बघून त्यांना भोवळच यायची राहिली.

"आरं, नवरदेवाचं बूट पळवतोस? जावई हायस का करवली? बूट पळवायचं काम करवल्यांचं असतं!"

"बरं, मामा. बूट करवल्यांनी पळवायचे. लक्षात ठेवतो."

हिंदुरावांनी बूट स्वतः नेऊन पाटावर ठेवला. विश्वंभर फोनवर होताच.

"म्हाळू, मला वाटतं सिक्युअर बूट आडवा येतोय. आधी सिक्युअर बूट बंद कर."

"सिक्युरिटीचे बूट?"

"हो, हो, तेच. सिक्युरिटीसाठीच असतो तो. बंद कर."

कार्यालयाची सिक्युरिटी म्हणजे सर्जेराव. मिशीवाला, काठीवाला. पायाला भोवरी झाल्यामुळे तो बूट काढून खुर्चीवर डुलकी घेत होता. म्हाळूने त्याचे बूट अलगद उचलले, भांड्यांच्या कपाटात ठेवले, कपाट बंद केलं आणि वर कुलूपही लावलं.

"बंद केले, दाजी. कुलूप लावून."

"कुलूप? वा, बराच हुशार झालास की रे तू!"

म्हाळूला फार बरं वाटलं. त्याला आजवर कोणी हुशार म्हटलं नव्हतं. इकडे सर्जेराव जागा झाला. वैशाखाचं ऊन, तापलेली फरशी, पायात काही नाही. तो टुणटुण उड्या मारत बूट शोधायला मागच्या अंगणात गेला. दारावर कोणी उरलं नाही.

"आता शेवटचं," विश्वंभर म्हणाला. "बूटची ऑर्डर बदल. पेनड्राइव्ह पुढे पाहिजे. बाकीचे सगळे बूट मागे."

"सगळे?"

"एकूण एक."

म्हाळू दाराशी गेला. बूट, चपला, सँडल, कोल्हापुरी यांचा नुसता खच होता. तो हात घालणार तोच त्याला सासऱ्यांचं बोलणं आठवलं. बुटांचं काम करवल्यांचं. त्याने करवल्यांना बोलावलं.

"पोरींनो, हे सगळे बूट मागे न्यायचेत. तुम्हीच पळवायचे असतात म्हणे."

"सगळ्यांचे?"

"एकूण एक."

करवल्यांना असा आनंद जन्मात झाला नव्हता. ओच्यात, परातीत, रिकाम्या कळशीत भरून त्यांनी सगळं पायताण मागच्या बाजूला नेलं. काही पाण्याच्या टाकीवर गेलं, काही कडब्याच्या गंजीत. नवरदेवाचा एक बूट एका गाढवाच्या पाठीवर होता आणि गाढव कुंभारवाड्याच्या दिशेने निघालं होतं.

नवरदेव खाली आला. पाट रिकामा. त्याचा मामा गरजला, "बुटाबिगर आमचा नवरदेव पुढं पाऊल टाकणार न्हाई! अनवाणी उभा ऱ्हायला तो काय भिकारी हाय?" नवरदेव रुसून तिथेच बसला. नवरीकडचे सगळे पुरुष बूट शोधायला धावले. नवरीचा मामा नवरीला खोलीत तशीच सोडून गाढवामागे गेला. आणि दारात हिंदुराव घामाघूम होऊन एकेकाला हात जोडत होते.

हे सगळं शेवंता बघत होती. आज मंगलाष्टका वाजल्या नाहीत तर आपण पुढच्या संक्रांतीपर्यंत इथेच, हे तिला कळून चुकलं. तिने शालूचा पदर खोचला, ऑफिसात आली आणि नवऱ्याच्या हातून फोन घेऊन मान वाकडी करून खांद्याशी धरला.

"दाजी, बुटाचं नाव न काढता सांगा. काय करायचं?"

विश्वंभरने सांगितलं. तिने पेनड्राइव्ह टॅबच्या कडेला खुपसला. तो सैल बसत होता, हात काढला की सुटायचा. म्हणून तिने तो तसाच धरून ठेवला.

"आता म्हाळूला सांग, आवाज वाढवायचं बटण दाबून धर म्हणावं. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."

म्हाळूने बटण दाबून धरलं. शेवंताने दुसऱ्या हाताने चालू करायचं बटण दाबलं. पाटी उजळली. चित्रं आली. शेवंताच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात फोन कटला.

"अहो, झालं! सोडा आता बटण."

"दाजींनी नाही सांगितलं अजून," म्हाळू म्हणाला.

अनंतभटजी घड्याळ दाखवत आले. मुहूर्त भरत आला होता. त्यांनी बोहल्याकडे बोट केलं, कारण माईक तिथे होता. टॅब बोहल्याकडे निघाला. शेवंताला पेनड्राइव्ह सोडता येईना, म्हाळू बटण सोडीना. म्हणून टॅबबरोबर दोघंही बोहल्यावर चढली. माईकच्या अलीकडे शालू नेसलेली शेवंता, पलीकडे गुलाबी फेटा बांधलेला म्हाळू. समोरासमोर.

अंतरपाट धरायला कार्यालयाची दोन माणसं होती. ती भाड्याची. अंतरपाट समोरासमोरच्या जोडप्यात धरायचा एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी धरला.

दारातून हिंदुराव मागे न बघता ओरडले, "आरं, मुहूर्त टळंल! लावा, लावा!"

शेवंताने लावल्या.

म्हाळूच्या अंगठ्याखाली आवाज वाढवायचं बटण होतं. मंगलाष्टका अशा दणक्यात सुरू झाल्या की मांडवाची कनात थरथरली. हिंदुरावांनी वळून बोहल्याकडे पाहिलं आणि ते "थांबा! थांबा!" असं ओरडत सुटले. पण कोणाला ऐकू जाणार? भटजीही दोन्ही हात हलवून काहीतरी सांगत होते, त्यांचा आवाज तर मघाशीच गेला होता. लोकांना वाटलं, भटजी तालात आलेत.

मांडवात पाहुणे उदंड होते. पण नवरा-नवरीला चेहऱ्याने ओळखणारे मोजकेच, आणि ते सगळे एक तर दाराशी भांडत होते, नाहीतर गाढवामागे गेले होते. बाकीच्यांचा जीव जिलबीत अडकला होता. "सावधान" ऐकू आलं की अक्षता टाकायच्या, हे त्यांना न बघताही जमत होतं. शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट दूर झाला, वाजंत्री कडाडली, आणि पुढच्या रांगेतल्या एका आजीबाई ओरडल्या, "आता बघत काय बसलायसा? हार घाला की!"

मोठी माणसं सांगतील ते शब्दाला शब्द करायचं. म्हाळूने एका हाताने बटण धरलं आणि दुसऱ्या हाताने शेवंताला हार घातला.

शेवंता काही भोळी नव्हती. तिने घटकाभर बापाकडे पाहिलं, घटकाभर नवऱ्याकडे. मग शांतपणे दुसरा हार उचलला आणि म्हाळूच्या गळ्यात घातला. टाळ्यांचा पाऊस पडला. पहिली पंगत बसलीसुद्धा.

हिंदुराव धापा टाकत बोहल्यावर पोचले. भटजींनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि उरलीसुरली हवा काढून म्हणाले, "मुहूर्तावर लागलं ते लागलं. खऱ्या नवरा-नवरीचं आता गोरज मुहूर्तावर लावू."

"पण ह्यांचं तर आधीच झालंय की!"

सासूबाई पदराने डोळे टिपत पुढे आल्या. "झालं असंल. पर समद्या गावानं अक्षता टाकल्या. आता लागल्या लग्नाची पोर घरात ठेवून लोकांना काय सांगायचं? पाठवणी कराया पाहिजे."

हिंदुरावांनी जीप काढायला सांगितली. ओटी भरली. शेवंता आईच्या गळ्यात पडून रडली, कारण पाठवणीला रडावं लागतं. मग सगळ्यांत आधी जीपमध्ये चढून बसली तीच.

म्हाळू चढणार एवढ्यात फोन वाजला. पुण्याहून विश्वंभर होता.

"अरे, मघाशी लाइन तुटली. काय झालं? बूट झाला का?"

"नाही, दाजी. लग्न झालं."

"कोणाचं?"

"माझं."

"तुझं? कोणाशी?"

"माझ्या बायकोशी."

टॅबचं बटण धरून धरून म्हाळूचा अंगठा अवघडला होता, म्हणून त्याने अदबीने विचारलं, "दाजी, आता बटण सोडू का?"