मानाचा पट्टा

फार फार वर्षांपूर्वी, रानात झाडांनाही वैद्य असायचा, तेव्हाची ही गोष्ट. शेवंता शेकरू ही तिथली झाडांची वैद्य. कुजलेली फांदी कुरतडून टाकायची, चांगलीला दात लावायचा नाही आणि खरं ते तोंडावर बोलायचं, असा तिचा खाक्या.

एकदा वाघराजाचा लाडका आंबा पिवळा पडला. राजाने त्याच्या बुंध्याला वेलींचा जाड पट्टा आवळून बांधला होता, मानाचा म्हणून. बुंधा वाढत गेला, तसा पट्टा सालीत रुतत गेला. कोल्हा प्रधान मुळाशी मध ओतून ओतून थकला, तेव्हा कुठे शेवंताला बोलावणं गेलं.

तिने बुंध्याभोवती एक फेरी मारली. "औषध नको. हा पट्टा तोडायला हवा."

"पट्ट्याला दात लावलास तर नरडं फोडीन!" वाघ गुरगुरला.

"फोडा. पण झाडाचा जीव सालीखालून वाहतो, महाराज. पट्टा एवढाच मानाचा असेल, तर आठ दिवस आपल्या गळ्यात घालून बघा. अगदी इतकाच घट्ट."

वाघाचा पंजा नकळत स्वतःच्या गळ्याकडे गेला.

शेवंता उत्तरासाठी थांबलीच नव्हती. तिचे दात केव्हाच कामाला लागले होते.