कासविणीचा वाटा

तर झालं असं, बाळांनो. समुद्राच्या काठी एक गाव होतं. त्या गावाला राजा नव्हता, तांडेल होता. तांडेल म्हणजे होड्यांचा म्होरक्या. त्याचं नाव जिवबा. मिशा अशा, की कावळ्यांनी बसून झोके घ्यावेत!

जिवबाची रापण होती. रापण म्हणजे भलंमोठं जाळं, बरं का. होडीनं ते समुद्रात गोल टाकायचं, मग सगळ्या गावानं किनाऱ्यावर उभं राहून दोन्ही टोकांचे दोर ओढायचे. नियम एकच. दोर ज्यानं ओढला, त्याला वाटा. म्हातारीला वाटा, पाहुण्याला वाटा. कडेवरच्या बाळानं दोर धरला, तर त्यालाही एक बांगडा. एकदा मोत्या कुत्र्यानं दोर दातांत धरून ओढला, तर जिवबानं त्यालाही तारली दिली. म्हणायचा, "माझ्या दोरावरून सलग तीनदा लोक रिकाम्या हातानं गेले, तर या मिशा उतरवीन!"

पण एका वर्षी समुद्र रुसला. पहिल्यांदा रापण ओढली. जाळ्यात काय? नुसतं शेवाळ. मग दुसऱ्यांदा ओढली. जाळ्यात काय? बुळबुळीत जेलीफिश, ढीगच्या ढीग. घरोघरी चुली थंडावल्या. गावचा न्हावी भिकू मात्र वस्तऱ्याला धार लावू लागला.

"थांब रे भिकू," जिवबा म्हणाला. "अजून एकदा ओढू दे."

मग तिसऱ्यांदा रापण ओढली. आणि काय सांगू, दोर जडच्या जड! जिवबाचे तळहात सोलून निघाले. हातातला वस्तरा टाकून भिकूसुद्धा धावला. ओढता ओढता जाळं वाळूवर आलं. आत एकही मासा नव्हता. होती एक कासवीण, गाडीच्या चाकाएवढी! तिच्या पायाला जाळ्याचा पीळ बसला होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"तांडेल, बसा आता पाटावर!" भिकू हसला.

तेवढ्यात जिवबाची बायको सत्यभामा पुढं आली. "अहो, आधी हिचा वाटा द्या."

"हिचा कसला वाटा?"

"हिनं दोर ओढला नाही? हात बघा स्वतःचे!"

"ओढला, पण उलट्या बाजूला!"

"नियमात बाजू कुठं सांगितली होती?"

मोत्यानं शेपूट हलवलं. मग काय झालं, तर कासवीण चक्क बोलली!

"जिवबा, मला मासा नको. पहिलं, माझा पाय सोडव. दुसरं, भरतीच्या रेघेपासून केवड्याच्या बनापर्यंतची वाळू मला दे. तिथली अंडी कुणी उकरू नका. तिसरं, लेकरं निघतील तेव्हा गावातले दिवे मालवा. ती समुद्राची चमक बघून वाट शोधतात. तुमच्या दिव्यांनी चुकतात."

"आणि आमचे मासे?"

"माझ्या बहिणी जेलीफिश खायच्या. जेलीफिश माशांची पिल्लं खातात. आमची अंडी तुम्ही खाल्लीत. आता तूच सांग, मासे कुठून येणार?"

सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. घरोघरच्या टोपल्यांत तीच अंडी होती ना! एक बाई रडवेली होऊन म्हणाली, "तांडेल, अंडीही सोडली तर पोरांच्या पानात वाढू काय?"

जिवबानं त्या बाईकडे पाहिलं, कासविणीकडे पाहिलं. मिशांचा विचार कधीच विसरला होता तो. "खडकावरची कालवं काढू, माझ्या घरचे तांदूळ वाटू," तो म्हणाला. "पण दोर ओढणाऱ्याचा वाटा कधी बुडवला नाही, आजही बुडवणार नाही." आणि आजोबांच्या हातचं ते जाळं त्यानं स्वतः सुरीनं कापलं. कासवीण सरपटत लाटेत शिरली.

मग लोकांनी अंडी पुन्हा वाळूत पुरली. खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातल्या. कोल्ह्यांना हाकलायला मोत्या बसला. शिमगा गेला, पाडवा गेला. आणि एका कातरवेळी वाळू हलली, बरं का! करवंटीएवढीसुद्धा नाहीत, अशी इवली इवली कासवं बाहेर आली. "दिवे!" सत्यभामा ओरडली. फू, फू, फू! सगळं गाव अंधारलं. समुद्र तेवढा चमकत होता. पिल्लं तुरुतुरु धावली आणि लाटेनं त्यांना उचलून घेतलं.

ते पाहून कासवीण बहिणींना घेऊन आली. तुम्ही जिलब्या खाता ना, तशा त्यांनी जेलीफिश मटकावल्या. मासे परत आले. जिवबानं सांधलेली रापण टाकली. गाव ओढायला लागलं, तर दोर हलका! बघतात तो काय, पलीकडून साऱ्या कासविणी डोक्यानं जाळं ढकलताहेत!

"अगं बायांनो," जिवबा आनंदानं ओरडला, "आज बरोबर बाजूला!"

मासळीचा डोंगर लागला. भिकूलाही टोपलीभर वाटा मिळाला. वस्तरा त्याला परत सापडलाच नाही. आणि वाळू? ती कासविणींचीच राहिली. गाव पोटभर जेवलं, सुखानं नांदलं.

चला, आता आपलाही दिवा मालवा. कुणाचं तरी लेकरू समुद्राची वाट शोधत असेल.